विद्यापीठांचे डावे-उजवे

दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका प्रशस्त क्रीडागृहात अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे, म्हणजे एनबीएचे, आयुक्त व्यासपीठावर येऊन एकेका तरुणाचे नाव पुकारतात. नाव पुकारले गेले की तो साडेसहा-सात फूट उंचीचा, खास या रात्रीसाठी शिवून घेतलेल्या कोटातला मुलगा प्रथम आईच्या गळ्यात पडतो, मग ज्या संघाने त्याला उचलले त्याची टोपी डोक्यावर चढवतो, आणि आयुक्तांचा हात हातात घेऊन छायाचित्रकारांसमोर क्षणभर उभा राहतो. त्याच्या नावापाठोपाठ बहुधा आणखी एक नाव उच्चारले जाते, ते त्याच्या विद्यापीठाचे. आणि निवड पुरी झाली की खेळाडूंच्या याद्यांशेजारी विद्यापीठांचेही तक्ते छापून येतात, की यंदा अमुक विद्यापीठाचे पाच गेले, तमुकाचे तीन, आणि गेल्या वर्षी ज्याचा एवढा डंका होता त्याचा एकही नाही.

२०२५ साली हा मान ड्यूक विद्यापीठाने पटकावला. त्या हंगामात सामन्याच्या आरंभी जे पाच खेळाडू मैदानात उतरत, ते पाचही जण निवडले गेले: कूपर फ्लॅग पहिल्या क्रमांकावर, कॉन क्निपल चौथ्या, खमान मलुआच दहाव्या, सायन जेम्स तेहेतिसाव्या आणि टायरीस प्रॉक्टर एकोणपन्नासाव्या. त्यापूर्वी केंटकी विद्यापीठाने २०१० साली पहिल्या फेरीतच पाच खेळाडू देऊन आणि पुढे २०१२ व २०१५ साली प्रत्येकी सहा खेळाडू देऊन असाच लौकिक मिळवला होता. २०१२ साली तर पहिला आणि दुसरा हे दोन्ही क्रमांक, अँथनी डेव्हिस आणि मायकेल किड-गिलख्रिस्ट यांच्या रूपाने, एकाच विद्यापीठाकडे गेले, आणि असे त्याआधी कधी घडले नव्हते. अशा आकड्यांवरून विद्यापीठांचे डावे-उजवे ठरवण्याचा मोह तिकडच्या क्रीडारसिकांना आवरत नाही. तो मोह अनैसर्गिक म्हणता येणार नाही, पण त्या रात्रीच्या मोजदादीतून नेमके काय सिद्ध होते आणि काय मुळीच होत नाही, याचा विचार थोडा सावकाशीने करण्याजोगा आहे.

ड्राफ्ट या नावाने ओळखली जाणारी ही वाटपाची पद्धत १९४७ सालापासून चालत आली आहे. तिच्या मुळाशी असलेला हेतू साधा आहे: आदल्या हंगामात जे संघ तळाला राहिले त्यांना नव्या खेळाडूंतून आधी निवड करू द्यावी, म्हणजे धनाढ्य संघांनी सर्व गुणी मुले आपल्या पदरी बांधून सामन्यांतली चुरस नाहीशी करू नये. पहिल्याच वर्षी पहिला मान क्लिफ्टन मॅकनीली या तरुणाला मिळाला, पिट्सबर्गच्या संघाने त्याची निवड जाहीर केली, आणि हा गृहस्थ व्यावसायिक संघाकडून एकही सामना न खेळता टेक्सासमध्ये शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवायला निघून गेला! ड्राफ्टमधील क्रमांक आणि पुढील कारकीर्द यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचा दाखला या पद्धतीने असा आरंभीच देऊन ठेवला आहे.

प्रारंभीच्या काळात विद्यापीठाच्या नावाला रोकड किंमत होती. १९४९ ते १९६५ या काळात एखाद्या व्यावसायिक संघाने आपला पहिल्या फेरीचा हक्क सोडला, तर त्याला आपल्या हद्दीतील महाविद्यालयाचा खेळाडू इतरांच्या आधी घेता येत असे, कारण ज्या मुलाला शहराने विद्यार्थिदशेत डोक्यावर घेतले त्याच्यासाठी लोक तिकिटे काढतील, असा त्यामागे व्यापारी हिशेब होता. सिनसिनाटी विद्यापीठाचा ऑस्कर रॉबर्टसन १९६० साली याच कलमान्वये सिनसिनाटीच्या संघाकडे गेला. विल्ट चेंबरलेनच्या बाबतीत तर या कलमाचा अर्थ बराच ताणण्यात आला. तो शिकला होता कॅन्ससमध्ये, परंतु त्या मुलुखात व्यावसायिक संघच नसल्यामुळे फिलाडेल्फियाच्या संघाने १९५९ साली त्याच्या शाळेच्या गावाचा हवाला देऊन त्याच्यावर हक्क सांगितला आणि तो मान्यही झाला. पुढे हा शिरस्ता बंद पडून पहिला क्रमांक नाणे उडवून मुक्रर होऊ लागला. १९६९ साली फिनिक्सच्या संघाने आपल्या प्रेक्षकांचा कौल घेऊन छापा मागितला आणि काटा पडला, त्यासरशी ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, मिलवॉकीला मिळाला. १९८५ पासून सोडत सुरू झाली, आणि १९८९ पासून निवडीच्या फक्त दोन फेऱ्या उरल्या. आज संघ तीस आहेत आणि जागा साधारणपणे साठ. उलट बाजूला अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे, आणि प्रत्येकाकडे अलीकडेपर्यंत तेरा शिष्यवृत्तिधारक खेळाडू. साठ जागांतल्याही काही युरोपातल्या आणि अन्य देशांतल्या मुलांकडे जातात, तेव्हा ज्या विद्यापीठाचे एकाच वर्षी पाच जण निवडले जातात त्याचा गवगवा का होतो, हे आकडेच सांगतात.

क्रमांकाला एवढे महत्त्व येण्याचे दुसरे कारण पैशाचे आहे. १९९४ साली पर्ड्यू विद्यापीठाचा ग्लेन रॉबिन्सन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि एकही सामना खेळण्यापूर्वी त्याने मिलवॉकीच्या संघाकडून १० वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरांचा करारनामा लिहून घेतला. त्यामुळे संघमालक असे हबकले की पुढच्याच वर्षी नवागतांच्या वेतनाची श्रेणी क्रमांकवार ठरवण्यात आली. सध्याच्या नियमानुसार पहिल्या फेरीतील खेळाडूला दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते आणि पुढची दोन वर्षे त्याला ठेवायचे की नाही हे संघाच्या मर्जीवर असते. दुसऱ्या फेरीत अशी कोणतीही हमी नसते. तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकांच्या खेळाडूंत गुणांचे अंतर कदाचित शून्य असेल, परंतु त्यांच्या करारांत मात्र ते फार मोठे असू शकते.

आता विद्यापीठांकडे वळू. पूर्वी महाविद्यालयीन खेळाडू चार वर्षे शिकत असे. शाळा सुटल्यापासून चार वर्षे लोटल्याखेरीज व्यावसायिक संघाने कोणाला घेऊ नये असा संघटनेचा दंडक होता, आणि स्पेन्सर हेवूड या खेळाडूने तो न्यायालयात आव्हानित केल्यावर १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हापासून ती भिंत ढासळत गेली. १९९५ साली केव्हिन गार्नेट शाळेतून थेट व्यावसायिक संघात गेला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट गेला, २००३ साली लेब्रॉन जेम्स गेला. पण त्यांचे अनुकरण करून फसलेलीही अनेक मुले होती. २००५ च्या करारात अखेर असे ठरले की निवडीच्या वर्षी मुलाचे वय निदान १९ असावे आणि अमेरिकन मुलाला शाळा सोडून एक वर्ष झालेले असावे. या एका वर्षाच्या अटीने महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सगळा नूर पालटला. अत्यंत गुणी मुलाला आता कोठेतरी एक हंगाम काढायचा होता, आणि तो कोठे काढला म्हणजे पुढच्या जूनमध्ये आपला क्रमांक वर लागेल, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी आणि सर्वांत निःसंकोचपणे ज्याने दिले तो म्हणजे २००९ साली केंटकीत आलेला प्रशिक्षक जॉन कॅलिपारी. एक वर्षाचे पाहुणे घेणे हे पुष्कळ जुन्या प्रशिक्षकांना कमीपणाचे वाटत होते. कॅलिपारीने तेच आपले धोरण केले, दरवर्षी नवा संघ उभारला आणि दरवर्षी तो बाजारात पाठवला. त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी शिक्षणाच्या पावित्र्याविषयी बरेच लिहिले, परंतु त्याच टीकाकारांना आदर्श वाटणारे ड्यूकचे माइक शशेफ्स्की हेही काही वर्षांत त्याच वाटेने गेले. २०११ साली ड्यूकचा कायरी अर्व्हिंग पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे तो विद्यापीठाकडून अवघे ११ सामने खेळला होता. अकरा सामन्यांत विद्यापीठाने त्याला काय शिकवले असेल? तरीही तक्त्यात त्याची नोंद ड्यूकच्या नावे झाली आहे, आणि नियमाप्रमाणे ती बरोबरच आहे.

एवढ्यावरून ध्यानात येईल की निवडलेल्या खेळाडूंची संख्या हे मुख्यतः विद्यापीठाच्या आकर्षणशक्तीचे माप आहे. सतरा वर्षांच्या वयातच ज्यांचा बोलबाला देशभर झाला आहे अशी मुले ज्या प्रशिक्षकाच्या पदरी पडतात, त्याच्या खात्यावर दोन वर्षांनी निवडी जमा होणारच. त्यात त्याचे कर्तृत्व असते, पण ते मुख्यतः मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांचे मन वळवण्याचे कर्तृत्व असते. देवगडची छाप असलेल्या पेटीला आंबा चाखण्याआधीच भाव मिळतो, तसा थोडा भाव विद्यापीठाच्या नावालाही मिळतो, हे संघांचे अधिकारी सहसा कबूल करत नाहीत, पण त्यांच्या निवडी ते सांगतात.

संख्येचा फोलपणा पाहायचा असेल तर दोन संघ शेजारी ठेवावेत. २००६ साली कनेक्टिकट विद्यापीठाचे पाच खेळाडू निवडले गेले, त्यांपैकी चार पहिल्या फेरीत: रूडी गे, हिल्टन आर्मस्ट्राँग, मार्कस विल्यम्स आणि जॉश बून. त्याच वसंतात हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जॉर्ज मेसन या फारसे नाव नसलेल्या विद्यापीठाकडून जादा वेळेत हरला होता. पुढल्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाचेही पाचच निवडले गेले: अल हॉरफर्ड तिसरा, कोरी ब्रुअर सातवा, योआकिम नोआ नववा, आणि दुसऱ्या फेरीत ख्रिस रिचर्ड व टॉरिअन ग्रीन. तक्त्यात पाचाला पाच, आणि पहिल्या फेरीचा विचार केला तर कनेक्टिकटचे पारडे एकाने जडच. प्रत्यक्षात काय झाले? रूडी गे सतरा हंगाम खेळला हे खरे, पण त्याच्या चार सोबत्यांपैकी कोणालाच पहिल्या प्रतीचे स्थान मिळाले नाही. उलट फ्लोरिडाचा नोआ २०१४ साली सर्वोत्तम बचावपटू ठरला, ब्रुअर २०११ साली विजेत्या डॅलस संघात होता, आणि हॉरफर्डने निवडीनंतर सतरा वर्षांनी, २०२४ साली, बोस्टनकडून अजिंक्यपद मिळवले. फ्लोरिडाच्या या पंचकाने २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले होते, आणि पहिल्या विजयानंतर हॉरफर्ड, नोआ व ब्रुअर या तिघांनीही बाजाराचे निमंत्रण बाजूला ठेवून आणखी एक वर्ष एकत्र खेळणे पसंत केले होते. त्या जादा वर्षाचा त्यांच्या टिकाऊपणाशी संबंध असावा असे मला वाटते. सिद्ध मात्र करता येणार नाही.

मग न्याय्य तुलना कशी करावी? जाणकारांची पद्धत अशी की आधी प्रत्येक क्रमांकाची सरासरी अपेक्षा काढावयाची: गेल्या अनेक वर्षांत पहिल्या क्रमांकावर, सातव्या क्रमांकावर, चाळिसाव्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंनी किती मिनिटे खेळ केला आणि आपल्या संघाच्या विजयांत किती भर घातली, याचा हिशेब मांडावयाचा. ही अपेक्षा पहिल्या चार-पाच क्रमांकांत झपाट्याने खाली येते आणि पुढे मंद उताराने जाते, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या क्रमांकांतले अंतर हे विसाव्या आणि चाळिसाव्यातल्या अंतराहून मोठे असते. त्यानंतर पाहावयाचे ते इतकेच, की अमुक विद्यापीठाचे खेळाडू आपापल्या क्रमांकाच्या अपेक्षेच्या वर गेले की खाली राहिले. या हिशेबात पहिल्या क्रमांकाचा खेळाडू चांगला निघाला तर विद्यापीठाला विशेष श्रेय मिळत नाही, कारण ते अपेक्षितच होते. मात्र तेहेतिसाव्या क्रमांकाचा खेळाडू कर्णधारपदाला पोहोचला तर ते श्रेय फार मोठे असते.

या मापातही एक खोट आहे, आणि ती फार पूर्वी दाखवून देण्यात आली आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९९५ साली दाखवले की वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूला, त्याचा प्रत्यक्ष खेळ जमेस धरल्यानंतरही, अधिक वेळ खेळायला मिळतो आणि संघ त्याला अधिक काळ सांभाळतात, कारण ज्यावर एवढी किंमत मोजली तो निरुपयोगी आहे हे मान्य करणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते. म्हणून केवळ मिनिटे मोजली तर मोठ्या विद्यापीठांच्या मोठ्या नावांना दुसऱ्यांदा अनुकूलता मिळते, एकदा निवडीच्या रात्री आणि पुन्हा बाकावरून उठवताना.

हे सारे ध्यानात ठेवून केंटकीचा तपशील पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. या विद्यापीठाचे नाव पहिल्या क्रमांकांमुळे गाजले, पण त्याचे खरे धन बारा-पंधरा-वीस या पायऱ्यांवर सापडते. डेव्हिन बुकर २०१५ साली तेरावा निवडला गेला, बॅम अडेबायो २०१७ साली चौदावा, शे गिल्जस-अलेक्झांडर २०१८ साली अकरावा, टायरीस मॅक्सी २०२० साली एकविसावा. आणि हे चौघेही पुढे आपापल्या संघांचे आधारस्तंभ झाले. बुकरचे उदाहरण विशेष बोलके आहे. २०१४-१५ च्या हंगामात कॅलिपारीकडे इतके गुणी खेळाडू गोळा झाले की त्याने पाच-पाच जणांच्या दोन पलटणी करून त्या आळीपाळीने मैदानात उतरवल्या, सारे मिळून ३८ सामने लागोपाठ जिंकले, आणि उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून हार खाल्ली. त्या संघात बुकर सुरुवातीच्या पाचांत नव्हता. त्याची सामन्यागणिक सरासरी होती १० गुणांची. दोन वर्षांच्या आत, २४ मार्च २०१७ रोजी, फिनिक्सकडून खेळताना याच मुलाने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. ज्या संघात दहा वाटेकरी असतात तेथे कोणाच्याच हाती चेंडू पुरेसा येत नाही, परिणामी त्याच्या गुणांचा अंदाज निरीक्षकांना कमी लागतो आणि तो दहा जागा खाली घसरतो. पुढे व्यावसायिक संघात मोकळीक मिळाली की तोच अपेक्षेच्या पुष्कळ वर जातो. येथे श्रेय अध्यापनाचे किती आणि निरीक्षकांच्या चुकलेल्या अंदाजाचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, पण माझा कल दुसऱ्या कारणाकडे अधिक झुकतो.

विद्यापीठ एकच, प्रशिक्षक एक, हंगामही एक, आणि तरी फळ किती भिन्न येते, हे पाहायचे तर २०१८ साल पाहावे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या संघाने केंटकीचा केव्हिन नॉक्स नवव्या क्रमांकावर घेतला, आणि त्याचाच सोबती गिल्जस-अलेक्झांडर दोन जागा मागे राहिला. नॉक्सला न्यूयॉर्कमध्ये जम बसवता आला नाही. गिल्जस-अलेक्झांडर २०२५ साली संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटीला अजिंक्यपद मिळवून देता झाला. केंटकीचा शिक्का दोघांवर सारखाच होता.

त्याच २०१८ साली राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाची कथा मला अधिक आवडते. जे राइट हे तेथील प्रशिक्षक शाळकरी तारकांच्या मागे फारसे लागत नसत. मुले दोन-तीन-चार वर्षे राहत, हळूहळू वर येत. त्या संघाचे चार खेळाडू निवडले गेले: मिकाल ब्रिजेस दहावा, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो सतरावा, ओमारी स्पेलमन तिसावा आणि जेलन ब्रन्सन तेहेतिसावा. ब्रन्सन त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू होता, तरी तो उंचीने सहा फुटांच्या थोडासाच वर आणि तीन वर्षे शिकलेला, म्हणजे बाजाराच्या भाषेत वाढ संपलेला, म्हणून बत्तीस नावे पुकारून झाल्यावर डॅलसने त्याला घेतले. आज तो न्यूयॉर्कच्या संघाचा कर्णधार आहे, आणि त्या संघाने पुढे ब्रिजेस, डिव्हिन्चेन्झो आणि त्यांचा आधीचा व्हिलानोव्हाकर सोबती जॉश हार्ट यांनाही निरनिराळ्या वेळी आपल्याकडे आणले. २०१८ च्या तक्त्यात व्हिलानोव्हाच्या नावे चार निवडी आहेत. क्रमांकाच्या अपेक्षेशी ताडून पाहिले तर त्या चारांची किंमत इतर कित्येक विद्यापीठांच्या पाचांहून अधिक भरते, आणि स्पेलमन लवकरच मागे पडला हे वजा करूनही भरते.

अशा हिशेबात घाई केली तर काय होते, याचा धडा ड्यूकनेच भोगला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत असा एक समज रूढ झाला होता की ड्यूकचे खेळाडू महाविद्यालयात तळपतात आणि व्यावसायिक मैदानात विझतात. पुरावा म्हणून चार-पाच नावे सांगितली जात. १९८९ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला डॅनी फेरी लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडे रुजू व्हायला नकार देऊन इटलीत खेळायला गेला आणि परतल्यावर सामान्यच ठरला. ख्रिश्चन लेटनर १९९२ साली तिसरा निवडला गेला, परंतु त्याच्या पुढे शकील ओनील आणि अलोन्झो मोर्निंग होते, आणि त्यांच्याशी तुलना झाल्यावर कोणाचेही तेज फिके पडावे. तेरा हंगाम खेळून तो अपयशी म्हणवला गेला. बॉबी हर्ली १९९३ साली सातवा निवडला जाऊन सॅक्रामेंटोला गेला, आणि त्याच डिसेंबरात मोटारीच्या भीषण अपघातात मरता मरता वाचला. ग्रँट हिलने १९९४ नंतर पाच-सहा वर्षे डोळे दिपवणारा खेळ केला, आणि घोट्याच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षे खाऊन टाकली. या चौघांत एक परदेशी गेला, एक मोठ्यांच्या सावलीत सापडला, एकाला अपघात झाला आणि एकाचा घोटा मोडला. यांत ड्यूकच्या शिकवणीचा दोष कोठे आला? पण चार नावे एका ओळीत मांडली की लोकांना त्यांत नियम दिसतो. पुढे एल्टन ब्रँड, अर्व्हिंग, जेसन टेटम हे आले आणि तो नियम कोणी न मोडताच मोडला.

सिराक्यूज विद्यापीठाबाबतचा आक्षेप थोडा अधिक विचारार्ह आहे. तेथील प्रशिक्षक जिम बोहाइम यांचे संघ वर्षानुवर्षे एकाच प्रकारचा क्षेत्ररक्षक बचाव खेळत, पुढे दोन आणि मागे तीन. त्यामुळे तेथून आलेल्या मुलाला एकास एक बचाव व्यावसायिक संघात नव्याने शिकावा लागतो, असे म्हणतात. जॉनी फ्लिन २००९ साली सहावा, वेस्ली जॉन्सन २०१० साली चौथा निवडला गेला आणि दोघेही अपेक्षेस उतरले नाहीत, हे खरे आहे. कार्मेलो अँथनी २००३ साली तिसरा निवडला गेला आणि कीर्तिमान झाला, हेही तितकेच खरे आहे. कारण पटण्याजोगे आहे, पुरावा मात्र अपुरा.

जॉनी फ्लिनच्या पाठोपाठ, सातव्या क्रमांकावर, कोण निवडला गेला हे बास्केटबॉलप्रेमी वाचकांना ठाऊक असेलच. स्टीफन करी हा डेव्हिडसन या उत्तर कॅरोलिनातील चिमुकल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांनी जेथे खेळून नाव मिळवले त्या व्हर्जिनिया टेकने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. २००८ साली डेव्हिडसनने राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्ससशी झुंज दिली आणि ५९-५७ असा दोन गुणांनी पराभव पत्करला. कॅन्सस पुढे विजेते ठरले आणि त्यांचे पाच खेळाडू त्याच जूनमध्ये निवडले गेले. त्या पाचांतला मारिओ चालमर्स मायामीकडून दोनदा आणि ब्रँडन रश खुद्द करीच्याच गोल्डन स्टेट संघातून एकदा विजेता झाला, म्हणजे तेही काही सामान्य नव्हते. परंतु पाच विरुद्ध एक या तक्त्यात करीच्या चार अजिंक्यपदांना आणि त्याने खेळाची धाटणीच बदलून टाकली याला जागा कोठे आहे? अशीच गोष्ट सांता क्लाराची. १९९६ साली तेथून पंधरावा निवडलेला स्टीव्ह नॅश दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर सव्वीस वर्षांनी बाराव्या क्रमांकावर गेलेला जेलन विल्यम्स २०२५ च्या विजेत्या ओक्लाहोमा संघाचा दुसरा खांब होता. सेंट्रल आर्कान्सासचा स्कॉटी पिपेन, वेबर स्टेटचा डेमियन लिलार्ड याच मालिकेतले. मात्र यावरून लहान महाविद्यालये अधिक चांगले घडवतात असा उलटा निष्कर्ष काढणारेही तितकेच चुकतात, कारण लहान जागेतून फक्त असामान्य मुलाकडेच निरीक्षकांचे लक्ष जाते. तेथले मध्यम खेळाडू मुळात यादीतच येत नाहीत, त्यामुळे त्यांची अपयशे कोणी मोजत नाही.

नावाच्या मोहाची किंमत काय पडते, याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या एका माणसाच्या संघात घडले. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक आहेत. याच संघाला घेऊन ते ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळवायला आले होते. २०१८ साली सोडतीत नशीब फळफळून या संघाला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यांनी ड्यूकचा मार्व्हिन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर स्लोव्हेनियाचा लुका डॉन्सिच गेला, ज्याने कोणत्याही अमेरिकन विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, पण माद्रिदच्या व्यावसायिक संघात प्रौढांबरोबर खेळून युरोपचे अजिंक्यपद मिळवले होते. डॉन्सिच पहिल्या प्रतीचा खेळाडू झाला, बॅगलीला चार वर्षांच्या आत सॅक्रामेंटोने दुसऱ्या संघाकडे धाडले. याच संघाने २०२० साली आयोवा स्टेटचा टायरीस हॅलिबर्टन बाराव्या क्रमांकावर हेरला, ही निवड उत्तम होती, आणि सव्वा वर्षाने तोही इंडियानाला देऊन टाकला. २०२५ साली त्याच हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले. डॉन्सिचप्रमाणे विद्यापीठाविना आलेले आणखी एक नाव आपल्या ओळखीचे आहे: भारताचा म्हणून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू, पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग, २०१५ साली डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. तो तर फ्लोरिडातल्या एका क्रीडा-प्रबोधिनीतून आला होता, त्यामुळे विद्यापीठांच्या कोणत्याच तक्त्यात त्याची गणना होत नाही.

आणि हे तक्तेच आता पायाखालून सरकू लागले आहेत. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूला आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, २०२५ पासून विद्यापीठे त्यांना स्वतःच्या उत्पन्नातला वाटा देऊ लागली, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याची बंधनेही जवळपास उठली. दुसऱ्या फेरीतल्या बिनहमीच्या करारापेक्षा आणखी एक वर्ष विद्यार्थी राहणे आता कित्येकांना अधिक किफायतशीर वाटते. २०२४ साली सतरावा निवडलेला डाल्टन नेक्ट आधी एका कनिष्ठ महाविद्यालयात, मग नॉर्दर्न कॉलोरॅडोत आणि शेवटी एकच वर्ष टेनेसीत खेळला होता. २०२५ साली फ्लोरिडाला विजेतेपद मिळवून देणारा आणि अठराव्या क्रमांकावर निवडला गेलेला वॉल्टर क्लेटन दोन वर्षे आयोना विद्यापीठात होता. दोघांचीही नोंद शेवटच्या विद्यापीठाच्या नावे झाली. नेक्टच्या बाबतीत ज्या नॉर्दर्न कॉलोरॅडोने त्याला कोणी विचारत नव्हते तेव्हा खेळायला मैदान दिले, त्याला या हिशेबात छदामही मिळाला नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे.

ड्यूकच्या २०२५ च्या पंचकाविषयी बोलायचे तर, पहिल्या फेरीतल्या तिघांचे करार, संघांनी मुदत वाढवली असे धरून, २०२९ च्या उन्हाळ्यात पुरे होतील. त्याआधी या पाच जणांची बरोबरी फ्लोरिडाशी करायची की कनेक्टिकटशी, हे कोणी सांगू लागला तर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.